किल्ले, ताम्रपट आणि करळ : तारापूर-पालघर किनाऱ्याची पाहणी

गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरखान्याचा प्रमुख आणि राजाचा बखरकार अंतोनियो बोकारो याने १६३५ साली आपल्या राजासाठी एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेच्या ताब्यातील प्रत्येक किल्ला, शहर व वस्ती यांचे वर्णन त्यात असून सोबत पेद्रो बारेतो द रेझेंद याने जमविलेले नकाशे जोडलेले आहेत. तारापूर, डहाणू, माहीम आणि अशेरी ही आपल्या उत्तर कोकणातील ठिकाणे त्यात आहेत. तट किती उंच, तोफा किती, आत पोर्तुगीज कुटुंबे किती, स्थानिक ख्रिस्ती किती, महसूल काय, असा सारा तपशील बोकारोने नोंदविला. इतिहासाची आवड म्हणून हा खटाटोप झाला नव्हता. किल्ला लढवायचा तर त्याचे बळ आणि दुबळेपण धन्याला ठाऊक हवे, एवढाच त्याचा हेतू होता.

या किनाऱ्यावरील दगडांची गणती त्यानंतर पुन्हा पुन्हा झाली, आणि प्रत्येक वेळी गणती करणाऱ्याचा हेतू निराळा होता. पेशवाई संपताच १८१८ साली कॅप्टन डिकिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने ठाणे भागातील किल्ले पाहिले ते कोणता ठेवावा आणि कोणता निकामी करावा हे ठरविण्यासाठी. १८८२ मध्ये जेम्स कॅम्पबेल याच्या संपादकत्वाखाली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. राज्यकारभाराला जिल्ह्याची माहिती हवी होती. तथापि कॅम्पबेलला स्वतःलाच जुन्या गोष्टींची गोडी असल्यामुळे या ग्रंथाचा एक संबंध खंड स्थळवर्णनाला मिळाला, आणि आजही केळवे-माहीम, शिरगाव वा तारापूर यांविषयी लिहावयास बसणाऱ्याला तो उघडावाच लागतो. १८९७ साली हेन्री कझिन्स याने मुंबई इलाख्यातील पुराण अवशेषांची सुधारित यादी प्रसिद्ध केली. येथे प्रथमच ‘जतन’ हा शब्द सरकारी हेतूंत स्पष्टपणे आला असे म्हणावयास हरकत नाही.

या सर्व गणत्या बाहेरून आलेल्यांनी केल्या. ज्यांच्या वाडीत तो दगड आहे, ज्यांच्या विहिरीच्या काठाला तो कोरीव तुकडा बसविलेला आहे, त्यांनी मात्र स्वतः वही हाती धरल्याचे फारसे ऐकिवात नाही. वाचकबंधुभगिनींपुढे आम्ही हा विषय मांडतो तो याच कारणाने.

आता एका शोधाकडे वळू. तारापूरच्या खाडीपलीकडे चिंचणी हे गाव आहे. १९५५ च्या सुमारास तेथे जमिनीतून काही ताम्रपट निघाले. ते विद्वानांच्या हाती पडले, दिनेशचंद्र सरकार यांनी त्यांचे वाचन केले, आणि हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या किनाऱ्याचे एक विलक्षण चित्र जगापुढे आले. त्यांतील एका पटावर शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६, असा काल दिलेला आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र त्या वेळी राज्य करीत होता. संयान, म्हणजे आजचे संजाण, हा प्रांत त्याच्या वतीने मधुमती नावाचा अधिकारी सांभाळीत होता. हा मधुमती ‘ताजिक’ होता, म्हणजे अरब. आणि ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप होय, असे वाचकांचे मत आहे. या अरब अधिकाऱ्याने नदीवर विनामूल्य नाव ठेवली होती. वाटसरूंना भात, कालवण व तूप मिळेल असे अन्नछत्र घातले होते. इतकेच नव्हे, तर एका ब्राह्मणाने स्थापिलेल्या देवीच्या मठासाठी गाव आणि जमीन दान देण्यास त्याने संमती मिळवून दिली, आणि ते दान संस्कृत भाषेत तांब्यावर कोरले गेले.

राजा कर्नाटकातला, सुभेदार अरब, मठ देवीचा, आणि नाव ओढणारा बहुधा आपल्या कोळीबांधवांचा पूर्वज! (हे शेवटचे ताम्रपटात नाही, आमचे अनुमान आहे.) ही हकिगत कोणत्याही बखरीत आली नव्हती. कोणाच्या आठवणीत नव्हती. ज्याच्या हाताला ते पत्रे लागले त्याने ते भंगाराच्या तराजूत टाकले असते तर तांब्याचे चार पैसे आले असते आणि मधुमतीचे नावही आपणांस कळले नसते. पुढे २००२ ते २००४ या काळात संजाण येथे शास्त्रीय उत्खनन झाले आणि पश्चिम आशियातील व चीनमधील भांड्यांचे तुकडे तेथे सापडले. ताम्रपटांनी जे शब्दांत सांगितले त्याला मातीने दुजोरा दिला.

भुईगावची गोष्ट याहून आपल्या जवळची आहे. सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकलला, आणि त्याच वर्षी तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. हे बहुतेकांनी शाळेत वाचलेले असते. परंतु नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली मिळाला तो भुईगावात, हे भुईगावच्या कितीशा कुटुंबांना ठाऊक असेल? अशोकाचे शब्द कोरलेला दगड ख्रिस्तजन्मापूर्वी अडीच शतकांचा. आपल्या वाड्या त्या भूमीवर आहेत. वारसा म्हटला की आपल्या समाजाची नजर प्रथम वसईच्या किल्ल्यातील चर्चच्या पडक्या कमानींकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. पण आपल्या अंगणातले सारेच पुराण अवशेष पोर्तुगीज काळापासून सुरू होत नाहीत.

उत्तरेकडे, म्हणजे केळव्यापासून डहाणूपर्यंत, पोर्तुगीज काळाची खूण शोधणेच कठीण आहे. तारापूर हे त्या काळी भरभराटीचे बंदर होते, आणि तेथे डोमिनिकन संघाचा मठ होता. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर अशी ठाणी एकामागून एक घेतली. तारापूरचा रणसंग्राम फार निकराचा झाला, आणि बाजीराव पेशव्यांचा जिवलग सरदार बाजी भिवराव रेठरेकर तेथेच गोळी लागून पडला. पाठोपाठ मे महिन्यात वसई पडली. त्यानंतर या उत्तर भागातील चर्चवास्तूंना वाली उरला नाही. तारापूरचा किल्ला पुढे विकाजी मेहेरजी या पारशी घराण्याकडे गेला, आणि त्याच्या आत बाग व विहिरी राहिल्या. अशेरीगडाच्या माथ्यावर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड मात्र अजून वाटसरूला दिसतो. इतक्या उंचावर तो दगड कोणी उचलून नेला नाही, म्हणून वाचला असावा. खाली गावात असता तर एव्हाना कोणाच्या तरी पायरीला बसला असता.

शिलालेखांच्या बाबतीत आपल्यापैकीच दोघांचे ऋण मान्य केले पाहिजे. गोव्याचे डॉ. जर्सन द कुन्हा हे व्यवसायाने वैद्य. त्यांनी १८७६ साली चौल आणि वसई यांच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला आणि त्यात वसईच्या किल्ल्यातील थडग्यांवरील लेख उतरवून घेतले. वांद्र्याचे ब्राझ फर्नांडिस यांनी तेच काम अधिक बारकाईने केले. किल्ल्यातील राजचिन्हे व लेख यांवरील त्यांचा ग्रंथ १९५७ साली लिस्बनमध्ये छापला गेला. हे दोघेही सरकारी नोकर नव्हते. हातात कागद-पेन्सिल आणि मनात चिकाटी, एवढेच त्यांचे भांडवल. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात १९२६ साली इतिहास-संशोधनाची संस्था उभारणारे येशूसंघीय फादर हेरास हेही याच पंक्तीतले. पावसात उघडा पडलेला लेख पन्नास वर्षांत पुसट होतो. त्याची प्रत कपाटात असली तर तो वाचता येतो.

येथवर आपण माणसाने घडविलेल्या वस्तूंविषयी बोललो. पण या भूमीचा त्याहून जुना इतिहास तिच्या खडकांतच लिहिलेला आहे, आणि त्याची वही तर कोणीच ठेवीत नाही. पालघर जिल्ह्याचा बहुतेक पाया काळ्या अग्निजन्य खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले. पुढे हिंदुस्थानचा भूखंड सेशेल्सपासून अलग झाला. त्या ओढाताणीत पश्चिम कडा खचली, आणि म्हणून घाटावर आडवे दिसणारे थर किनाऱ्याजवळ समुद्राच्या बाजूस कललेले आढळतात. थरांना पडलेल्या उभ्या भेगांत नवा रस शिरून गोठला आणि खडकात उभ्या भिंती तयार झाल्या. ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर अशी सरळ रेषेत पाण्यात शिरणारी काळी भिंत दिसली तर ती कोणा राजाने बांधलेली नाही, हे मुलांना अवश्य सांगावे.

कोकणातील उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, एका लांबलचक पट्ट्यात आहेत. हा पट्टा दक्षिणेस राजापूरपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर जातो, आणि त्याचे उत्तर टोक आहे आपल्या पालघर तालुक्यातील कोकणेर. सातिवली आणि हालोली येथील झरे त्याच पट्ट्यात येतात. पावसाचे पाणी भेगांवाटे खोल जाते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा लोक रात्री घराबाहेर निजले, आणि शास्त्रज्ञांनी तेथे यंत्रे बसविली. त्या वेळी सर्वांना जाणवले की पायाखालचा खडक ही केवळ पुस्तकातली गोष्ट नव्हे.

तिसरा प्रकार करळाचा. वाळू आणि शंखशिंपल्यांचा चुरा चुन्याने घट्ट बांधला जाऊन किनाऱ्यावर जो खरबरीत दगड बनतो त्याला कोकणात करळ म्हणतात. वसई-पालघरच्या किनाऱ्यावर तो काही ठिकाणी आढळतो. खडकांच्या मानाने तो अगदी तरुण, काही हजार वर्षांचाच. तथापि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बनलेला करळ आजच्या भरतीच्या रेषेहून वर सापडला, तर समुद्र त्या काळी कोठवर होता याचा तो साक्षीदार ठरतो. समुद्र पुढे सरकेल की काय या चिंतेने सारे जग ग्रासलेले असताना, तो पूर्वी कोठे होता हे सांगणारा दगड मोलाचा नव्हे काय?

या साऱ्याला कायद्याचे संरक्षण कितपत आहे? पुराणवस्तूंसाठी केंद्राचा १९५८ चा कायदा आहे आणि राज्याचा १९६० चा. महत्त्वाचे असे जे स्मारक सरकार यादीत घालील तेवढ्याचेच रक्षण त्यांतून होते. वसईचा किल्ला आणि सोपाऱ्याचा स्तूप त्या यादीत आहेत. शेताच्या बांधावरचा गधेगाळ बहुधा नसतो. (दान दिलेली जमीन हिरावणाऱ्याला अभद्र शाप देणारा, गाढवाचे चित्र कोरलेला दगड तो गधेगाळ. शिलाहारांच्या काळातील असे दगड ठाणे, पालघर व रायगड या जिल्ह्यांत विखुरलेले आहेत.) खडकांच्या बाबतीत स्थिती याहून दुबळी. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने देशातील काही स्थळांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान देऊन ठेवला आहे. आपल्या राज्यातील लोणारचे विवर त्यांपैकी एक. अशा स्थळांच्या जतनासाठी स्वतंत्र विधेयकाचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला. किल्ल्यांचा कायदा १९५८ चा आणि खडकांचा मसुदा २०२२ चा, यावरून आपल्या लेखी कोणाचा मान किती ते दिसते.

आणि या किनाऱ्यावर आता वेळ थोडा आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ साली वीज वाहू लागली, पाठोपाठ बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, आणि पुढे अणुकेंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. गाव उठते तेव्हा सरकारी पंचनाम्यात घराला रकाना असतो, झाडाला असतो, विहिरीला असतो. गावदेवीच्या माळावरील अनामिक दगडाला नसतो, आणि माळाच्या नावालाही नसतो. वाढवण येथील बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, आणि ३० ऑगस्टला त्याची पायाभरणी झाली. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालण्याची ही योजना आहे. बंदर असावे की नसावे यावर आपल्या धर्मग्रामांतही दोन मते आहेत, आणि मच्छीमार कुटुंबांचे दुःख आम्ही जाणतो. त्या वादाचा निकाल या लेखात लागणार नाही. परंतु भराव पडण्यापूर्वी त्या खडकाळ किनाऱ्याची छायाचित्रे, मोजमापे आणि कोळ्यांनी प्रत्येक खडकाला दिलेली नावे वहीत उतरली पाहिजेत, याविषयी दोन मते असण्याचे कारण नाही. मुंबईजवळ कांदिवली येथे १९३० च्या दशकात टॉड या नौदल अधिकाऱ्याने अश्मयुगीन दगडी हत्यारे शोधली आणि मातीचे थर मोजून ठेवले. आज तेथे इमारती आहेत. टॉडचे लिखाण आहे म्हणून निदान कांदिवलीचा अश्मयुगीन माणूस आपल्याला माहीत आहे.

‘फादर, दगडाची नोंद केली आणि सरकारने जागा ताब्यात घेतली तर?’ हा प्रश्न आमच्या माणसांच्या ओठांवर असतो, आणि तो टाळून चालणार नाही. भीती निराधार नाही. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगी लागते; वसईच्या किल्ल्याजवळ राहणाऱ्यांना हा जाच परिचयाचा आहे. पण वहीतील नोंद म्हणजे संरक्षणाचा हुकूम नव्हे. तो हुकूम सरकारच काढू शकते, आणि तोही अधिसूचना देऊन, हरकती मागवून. धर्मग्रामाच्या वहीने कोणाची पायरी सुटत नाही. जमिनीत पुरलेले धन सापडले तर मात्र १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते कलेक्टरला कळवावे लागते. मालक पुढे न आल्यास त्यातील मोठा वाटा शोधणाऱ्यालाच मिळावा अशी तरतूदही त्याच कायद्यात आहे. हे शेवटचे कलम लोकांना कोणी सांगत नाही, आणि म्हणून तांबे भंगारात जाते.

आपल्या ख्रिस्तसभेला तर अशी वही ठेवणे नवे नाही. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी प्रत्येक धर्मग्रामात ठेवल्या जातात, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नाती त्यांवरून जुळविता येतात. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२८३ व्या कलमानुसार चर्चच्या मालकीच्या स्थावर मालमत्तेची आणि सांस्कृतिक मोलाच्या वस्तूंची अचूक सूची करणे बंधनकारक आहे. ८ डिसेंबर १९९९ रोजी व्हॅटिकनच्या सांस्कृतिक वारसा आयोगाने जगातील सर्व बिशपांना पत्र पाठवून ही सूची किती तातडीची आहे ते कळविले. सूचीत फक्त सोन्याचा पेला आणि चांदीची धूपदाणी लिहून भागत नाही. आळीच्या तोंडाचा चुनेगच्ची क्रूस, जुन्या दफनभूमीतील अक्षरे झिजलेली शिळा, हेही तिच्यात हवे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुन्या क्रुसाला चकचकीत फरशी लावली जाते, आणि पायाशी असलेला सनाचा आकडा सिमेंटखाली जातो. असे होऊ नये एवढीच आमची विनंती.

वही चर्चच्या कुंपणाशी थांबू नये. आमच्या आदिवासी कुटुंबांना डोंगरातल्या प्रत्येक माळाचे व ओहोळाचे नाव ठाऊक असते. वारली बांधवांचे वाघोबाचे दगड कोठे आहेत हे शहरातील पंडिताला नकाशावर सापडणार नाही. शेंदूर लावलेला वीरगळ शेकडो वर्षे टिकला तो बहुधा पूजेमुळेच. अशा ठिकाणी जाण्यापूर्वी त्या पाड्याची अनुमती घ्यावी, चप्पल बाहेर काढावी, आणि छायाचित्र नको म्हटले तर वहीत फक्त जागा लिहावी. केळव्याचा भुईकोट सुरूच्या बनात वाळूखाली गाडला गेला होता. दुर्गप्रेमी तरुणांनी श्रमदान करून तो मोकळा केला, याचे आम्हांस अतिशय कौतुक वाटते. मात्र फावडे उचलण्यापूर्वी छायाचित्र काढावे, वाळूत मिळालेले खापर वा खिळा कोठे व किती खोल मिळाला ते लिहावे, आणि आपण होऊन खणू नये. एकदा हललेली वस्तू पुन्हा आपल्या जागी बोलत नाही. लेखाची अक्षरे खडूने वा रंगाने उठविणे, शिळा आम्लाने धुणे, हे तर कटाक्षाने टाळावे.

पाहणीला माणसे फार लागत नाहीत. युवक-युवतींचा पाच-सहांचा गट, सोबत एक जाणते माणूस, मोजपट्टी, होकायंत्र आणि मोबाईल. छायाचित्रात दगडाशेजारी मोजपट्टी ठेवावी, नाहीतर पुढे कोणालाही त्याचे माप कळणार नाही. नोंदीत गावाचे नाव, आळी, जागेचे स्थानिक नाव, मालकाची अनुमती, दगडाची उंची व तोंड कोणत्या दिशेस, आणि घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी सांगितलेली हकिगत जशीच्या तशी, त्यांच्याच बोलीत लिहावी. ती शुद्ध मराठीत बदलू नये. एक प्रत धर्मग्रामात, एक धर्मप्रांताच्या कार्यालयात आणि एक ग्रामपंचायतीत द्यावी.

हंगामही पाहावा. पावसाळ्यानंतर किल्ल्यांवर गवत माजलेले असते, त्यामुळे तारापूर, शिरगाव आणि माहीम यांची पाहणी जानेवारीनंतर बरी. शिरगावच्या किल्ल्यात फांद्या फुटलेले ताडासारखे वृक्ष आहेत, त्यांचीही नोंद घ्यावी. किनाऱ्यावरील खडक आणि करळ पाहायचे तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस निवडावेत, कारण त्या दिवसांत ओहोटीचे पाणी सर्वांत दूर जाते. केळव्याच्या पाणकोटापर्यंत पायी जाता येते तेही ओहोटीलाच. वेळ कोळीवाड्यात विचारून जावे, आणि पाणी फिरले की वही मिटून निमूट परत यावे.